युनूसभाईंचे बंद रस्ते

युनूसभाई फक्त रस्त्यांबद्दल खोटं बोलायचे. बाकी कशाबद्दल नाही. रोजा मोडला तर मोडला म्हणायचे, चहा बेकार असला तर चहावाल्याच्या तोंडावर बेकार म्हणायचे, घरी भांडण झालं तर सकाळी गाड्यांच्या अड्ड्यावर येऊन सगळ्यांना सांगायचे आणि चूक स्वतःची होती हेही सांगायचे. पण रस्ता म्हटला की त्यांच्या जिभेवर दुसराच कोणीतरी येऊन बसायचा. भर मे महिन्यात, नदीच्या पात्रात बकऱ्या चरत असताना, ते मागच्या सीटवरच्या साहेबाला गंभीर तोंड करून सांगायचे, "त्या पुलावरून पानी हाये साहेब, गाडी जात नाही." साहेब दिल्लीचा. त्याला पूर्णा नदी माहीत नाही आणि आमचा मे महिनाही माहीत नाही. तो मान हलवायचा.

मी हे बंगळूरला बसून लिहितो आहे. इथे मी भाड्याची गाडी चालवतो. इथल्या पाट्या मला वाचता येत नाहीत. समोर अडकवलेला फोन वळ म्हणाला की वळतो, थांब म्हणाला की थांबतो. आठवीत शाळा सोडलेला माणूस परमुलखात दुसरं काय करणार? त्यामुळे असल्या यंत्रांना शिव्या द्यायचा मला हक्क नाही, माझी भाकर त्यांच्यावर आहे. पण कोणाच्या दारात गाडी लावताना आजही मी आधी थोडं अलीकडे थांबतो. आत काय चाललं असेल, आपण आत्ता यायला हवं होतं का, असं स्वतःला विचारतो. ही खोड युनूसभाईंनी लावलेली.

तेव्हा आमच्या अमरावती-अकोल्याकडे पाहुण्यांचा सीझन होता. कापसाचा सीझन दिवाळीनंतरचा, पाहुण्यांचा बारमाही. ज्या घरातला माणूस गेला ते घर पाहायला लोक यायचे. गेला म्हणजे कसा गेला ते लिहीत नाही, त्या वर्षांत आमच्याकडे नुसतं 'गेला' म्हटलं की समजायचं. मुंबईचे यायचे, दिल्लीचे यायचे, गोरे यायचे. कॅमेरेवाले, प्रश्न विचारून लिहून घेणारे, नुसतेच हात धरून बसणारे. अमरावतीत एक संस्था या लोकांची सोय बघायची आणि आमच्या मालकाच्या दोन गाड्या त्या संस्थेकडे लागलेल्या होत्या. सुमो युनूसभाईंकडे, इंडिका माझ्याकडे.

युनूसभाई उंच, हडकुळे. दाढी मेंदीने लाल केलेली, शर्टाच्या खिशात कायम बडीशेप. गाडीत बसताना स्टिअरिंगला हात लावून तो हात छातीला लावायचे. बोलायचे आमच्यासारखंच वऱ्हाडी, चिडले की हिंदी. चिडायचे वारंवार. मी चिखलाचे पाय घेऊन गाडीत बसलो तर म्हणायचे, "आबे, तुह्या बापाची बैलगाडी हाये काय?" आणि मग स्वतःच्या फडक्याने पायदान पुसायचे.

मी नवा असतानाची गोष्ट. संस्थेच्या सरांनी गावाचं नाव इंग्रजीत लिहून दिलं. मला वाचता आलं नाही आणि तसं सांगायची लाज वाटली. मुंबईहून आलेल्या दोघांना घेऊन मी अंदाजाने चांदूर रेल्वेकडे निघालो, गाव होतं दर्यापूरकडे. अर्धा दिवस गेला. पाहुणे भडकले, त्यांनी मालकाला फोन केला. मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन पुन्हा दुसऱ्याच्या वावरात डवरं हाकायचं. संध्याकाळी मालकासमोर उभा राहिलो तर युनूसभाई आधीच तिथे बसलेले.

"मीच सांगतलं त्याले तिकून जायले," ते मालकाला म्हणाले. "दर्यापूर रोडवर झाड पडलं होतं. भलं मोठं. बाभूळ."

"आज? वारा कुठे होता आज?"

"म्हातारी बाभूळ होती, मालक. तिले वारा काय करायचा?"

आम्ही बाहेर आलो. मी पायाला हात लावायला वाकलो तर त्यांनी कानाखाली वाजवल्यासारखा हात उगारला. "इंग्रजी वाचता येत नाही त तोंड नाही काय तुले? इचारत जा. इचाराले लाजतो अन् चुकाले लाजत नाही." एवढंच. ती नोकरी टिकली म्हणून मी रस्ते शिकलो, माणसांत बोलायला शिकलो. आज जे काही आहे ते त्या न पडलेल्या बाभळीवर उभं आहे.

आता त्यांची पद्धत सांगतो.

युनूसभाई गाडी कधी दारात न्यायचे नाहीत. गाव आलं की वेशीवर, एस. टी. च्या थांब्यापाशी गाडी उभी करायचे, उतरायचे आणि बोनेट उघडायचे. "गरम झाली साहेब. पानी पाजा लागते." मग पांढरी प्लास्टिकची कॅन घेऊन गावात जायचे. पाहुणे झाडाखाली उभे राहून घाम पुसत. युनूसभाई कॅन घेऊन नेमके त्या घरी जायचे. दाराबाहेर उभं राहून विचारायचे, "वयनी, लोक आले हायेत पुण्याचे. आणू काय?" बाई हो म्हणाली की तिला पदर सावरायला, पसारा आवरायला, लेकरांना तोंड धुवायला सांगायला सवड मिळायची. नाही म्हणाली तर युनूसभाई भरलेली कॅन घेऊन परत यायचे आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतता ओतता सांगायचे, "बाई माहेरी गेली म्हनते. आन् पुढचा रस्ता बी खोदून ठेवला. चाला, दुसऱ्या गावी नेतो."

प्रत्येक गावाच्या वेशीवर ही गाडी तापते कशी, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. एकदा एका कनवाळू पाहुण्याने मात्र मालकाकडे तक्रार केली, की बिचारा ड्रायव्हर उन्हात पाणी आणत फिरतो, गाडी तरी दुरुस्त करा. मालकाने चांगलाच्या चांगला रेडिएटर बदलून नवा बसवला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच गावाला सुमो परत तापली. मालकाने मिस्त्रीची आई-बहीण काढली. युनूसभाई बाजूला उभे राहून बडीशेप चावत म्हणाले, "काळ्या मातीची गर्मी हाये मालक. मिस्त्री काय करन तिले?"

मी एकदा विचारलं होतं, "भाई, काऊन एवढी खटपट करता? दारात सोडून मोकळं व्हावं."

"तुह्या घरी असं झालं," ते म्हणाले, "अन् तुही माय भाकरी टाकून राह्यली. तवा कोनी दारात येऊन म्हनलं, सांगा तुमच्या घरी काय झालं होतं. मंग?"

मी फडकं घेऊन काच पुसायला लागलो.

"काई बायाईले बोलाचं असते. पोट भरून बोलतात. त्याईच्याकडे नेतोच ना मी. अन् काईंनी रडून घेतलं असते, आता काम चालू असते त्याईचं. ज्याचं घर त्याले इचारा, येऊ काय म्हणून. पावण्याले एवढं समजत नाही त आपण समजून घ्याव." मग चिडून, "अन् तू लय प्रश्न इचारतो आजकाल."

दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या अलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथे सुमनबाई राहायच्या. नवरा गेलेला, एक मुलगी रेखा, थोडंसं वावर. सुरुवातीला सुमनबाईच बोलणाऱ्यांतल्या होत्या. कोणीही आलं तरी बसवायच्या, चहा करायच्या, पहिल्यापासून सगळं सांगायच्या. त्यांना वाटायचं, एवढे लोक लिहून नेतात, काहीतरी होईल. मग लोक येतच राहिले. तेच प्रश्न, तीच उंबऱ्याजवळची जागा, 'जरा इकडे बघा'. एका फोटोवाल्याने त्यांच्या मागची नवी प्लास्टिकची खुर्ची उचलून बाहेर ठेवायला लावली, फोटोत ती बरी दिसत नव्हती. मी स्वतः ती खुर्ची उचलून अंगणात ठेवली. सुमनबाई त्या खुर्चीकडे बघत होत्या.

त्यानंतर एकदा युनूसभाई कॅन घेऊन गेले तेव्हा मीही सोबत होतो. सुमनबाई दारातच म्हणाल्या, "भाऊ, आता नोका आणत जाऊ कोणाले. रेखीले पाहाले लोक येऊन राह्यले. सोयऱ्याईत आमी छातीत कळ आली होती असं सांगतो. पोरीचं तेवढं होऊ द्या."

"आजपासून तुमच्या घरचा रस्ता बंद, वयनी," युनूसभाई म्हणाले.

आणि तो त्यांनी बंद ठेवला. कधी मोरी खचली, कधी रस्त्यावर डांबर पडत होतं, कधी गावात कोणाची तेरवी होती. एकदा तर वाघ निघाला. पूर्णेच्या काठच्या उघड्या बोडक्या मुलखात, जिथे ससा लपायला जागा नाही तिथे, युनूसभाईंनी वाघ काढला. पाहुण्यांनी गाडीच्या काचा वर केल्या.

मग ती डबी आली.

संस्थेत अभिजितसर म्हणून नवे आले होते. मुंबईचे, शांत, कधी आवाज न चढवणारे. ड्रायव्हर उपाशी तर नाही ना हे विचारणारे. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहितो. वर्षभर आधी गोऱ्यांची एक तुकडी येऊन गेली होती, ती जाताना एक यंत्र संस्थेला देऊन गेली. तळहाताएवढी डबी. रबरी वाटीने काचेला चिकटायची, वायर सिगारेट पेटवायच्या खोबणीत खोचायची. पडद्यावर नकाशा, आपली गाडी म्हणजे एक बाण. आत एक बाई बोलायची, इंग्रजीत. सरांनी ती सुमोच्या काचेवर बसवली.

युनूसभाईंनी तिचं नाव खाला, म्हणजे मावशी, ठेवलं. पहिले काही दिवस त्यांची करमणूक झाली. बडनेरा रोडला ती 'उजवीकडे वळा' म्हणायची, ते सरळ जायचे, ती जरा थांबून पुन्हा हिशेब करते म्हणायची. "खाला नाराज झाली," ते म्हणायचे. "जाऊ द्या खाला, घरी जाऊन आराम करा. हड्डी दुखत असन." मागचे पाहुणे हसायचे. मोठ्या रस्त्यावर तिला सगळं ठाऊक होतं, पण दर्यापूर सोडलं की तिचा नकाशा कोरा. ना गाव, ना नाला. युनूसभाईंना वाटलं, म्हातारी इथून पुढे आंधळी आहे, आपलं राज्य आपल्यापाशी.

आंधळी नव्हती. गोऱ्यांच्या त्या तुकडीने एकेका घराच्या दारात उभं राहून डबीत खुणा घालून ठेवल्या होत्या. नकाशा कोरा असला तरी त्या कोऱ्या जागेत बारीक झेंडे होते. रस्ता तिला दाखवता येत नव्हता, झेंडा कोणत्या बाजूला आणि किती लांब ते मात्र ती दाखवायची. त्यातला एक झेंडा सुमनबाईंच्या उंबऱ्यात होता.

हे युनूसभाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी डबीची वायर काढून टाकली आणि खोबणी जळाली म्हणून सांगितलं. मला म्हणाले, "मारून टाकली खालाले." पडदा त्यांनी उलटा करून ठेवला. आत बॅटरी असते आणि वायरीशिवायही ती जिवंत राहते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आमच्या लेखी वायर काढली की वस्तू मेली.

वायर काढली त्याच दिवशीची गोष्ट, थंडीचे दिवस होते. तुरी फुलावर होत्या. पाहुणे जास्त होते म्हणून दोन्ही गाड्या निघाल्या. सुमो पुढे, माझी इंडिका मागे. पुढच्या गाडीत काय झालं ते नंतर युनूसभाईंनीच मला सांगितलं. पाहुण्यांत पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, त्यांनी कुठेतरी सुमनबाईंचा फोटो पाहिला होता आणि त्यांना त्याच घरी जायचं होतं. युनूसभाईंनी रस्ता खोदलाय म्हणून सांगितलं. अभिजितसरांनी काचेवरच्या डबीचा पडदा आपल्याकडे फिरवला. ती चालू होती. युनूसभाईंनी गाडी भलत्याच फाट्याला घातली. पडद्यावरचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला. सर तो आकडा बघत राहिले. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "युनूसभाई, आपण लांब चाललोय. वळवा गाडी."

"तिकून रस्ता नाही साहेब."

"मागच्या वर्षी होता. वळवा."

मागून मला एवढंच दिसलं, की सुमो थांबली आणि धुरळ्यात वळली. समोरासमोर गाड्या आल्या तेव्हा मी युनूसभाईंचा चेहरा पाहिला. मी काच खाली करून विचारलं, "काय झालं भाई?" त्यांनी माझ्याकडे न बघता गाडी पुढे काढली. असं कधी होत नसे.

गावाच्या वेशीवर त्यांनी नेहमीसारखी गाडी उभी केली आणि बोनेट उघडलं. कॅन काढली. "गरम झाली साहेब. पाच मिनिट. पानी घेऊन येतो, तवर बसा सावलीत."

"हो, आणा ना," अभिजितसर म्हणाले. "आम्ही तोवर चालत पुढे होतो. जवळच आहे."

आणि त्यांनी डबी काचेवरून उचकटली. चुपक असा आवाज झाला. ती काचेवरून निघते आणि माणसाच्या हातातही चालते, हेही आम्ही त्या दिवशी पाहिलं. सर डबी पुढे धरून चालू लागले, मागे पाहुणे, त्यांच्या मागे गावातली लेकरं. सर पडद्याकडे बघत, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. कोणाला काही विचारायची गरजच पडली नाही. पारावरची माणसं उठून उभी राहिली. आमच्याकडे गावात शिरलेला परका माणूस आधी पारावर थांबतो, कोणाचं घर पाहिजे ते सांगतो, मग कोणीतरी सोबत येतं. हे लोक कोणाकडे न पाहता चालले होते.

युनूसभाई मागच्या बोळातून धावले. चपला सुटल्या. मी त्यांच्या मागे. रिकामी कॅन त्यांच्या पायांवर आपटत होती. आम्ही घराजवळ पोचलो तोवर उशीर झाला होता.

अंगणात सतरंजी टाकलेली होती. तिच्यावर पाहुणे बसलेले, दुसरे पाहुणे. अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडहून रेखाला पाहायला आलेले. मुलगा, त्याचा काका, दोन बाया, गावातले चार मोठे. हातात पोह्यांच्या बशा. रेखा साडीत अंग चोरून पाटावर बसलेली. आणि दारात अभिजितसर, त्यांच्या हातात बोलणारी डबी. ती इंग्रजीत सांगत होती, पोचलात.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी सुमनबाईंना ओळखलं. त्या पुढे आल्या, त्यांनी सुमनबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीत म्हणाल्या, "बहनजी, आपके पति ने जो किया, उसके लिए हम सब गुनहगार हैं।"

पोहे खाणारे हात थांबले.

"चुकीचं घर हाये," युनूसभाई मागून ओरडले. "साहेब, हे ते घर नाही. ते पलीकडच्या गल्लीत. हे घर नाही!"

सरांना काही कळलंच नव्हतं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही युनूसभाई, हेच आहे," आणि पडदा त्यांच्यापुढे धरला.

सुमनबाई ओरडल्या नाहीत. हात सोडवून घेतले, आत गेल्या, आणखी एक चटई आणून अंथरली. "बसा," म्हणाल्या, दोन्हीकडच्या पाहुण्यांना मिळून. मग त्यांची नजर युनूसभाईंच्या हातातल्या कॅनवर गेली.

"आज पानी न्याले उशीर झाला काय, भाऊ?"

नंतरच्या दिवसांत मी युनूसभाईंना शिव्या खाताना पाहिलं, नोकरी जाताना पाहिलं, पण त्या एका वाक्याने ते जसे उभ्या जागी खचले तसे परत कधी खचले नाहीत.

हिवरखेडवाले पोहे ठेवून, रीतीप्रमाणे पाणी पिऊन उठले. कळवतो म्हणाले. आमच्याकडे कळवतो म्हणजे नाही.

अमरावतीला आल्यावर अभिजितसर युनूसभाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "मला खरंच वाईट वाटलं. पण तुम्ही आधी सांगायला हवं होतं. मी समजून घेतलं असतं."

युनूसभाई म्हणाले, "सांगतलं असतं त तुमी थे बी लिवून घेतलं असतं, साहेब."

सर आत निघून गेले. पण संस्थेत तोवर बोलणं सुरू झालं होतं, की हा ड्रायव्हर किलोमीटर वाढवायला भलतीकडे फिरवतो. जुने पूल, जुने वाघ, सगळे आठवायला लागले लोकांना. मालकाने रेडिएटर आठवला.

नोकरी जायच्या आधी युनूसभाईंनी एक काम केलं. मला घेऊन ते एस. टी. ने हिवरखेडला गेले. मुलाच्या काकांच्या ओसरीवर बसून ते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं खोटं बोलले. की मशीन विलायती आहे, आपल्या गल्ल्या तिला कळत नाहीत. की झेंडा पलीकडच्या घराचा होता. की त्या म्हाताऱ्या बाईला कमी दिसतं, ती दर गावात कोणाचेही हात धरते. सांगता सांगता त्यांनी माझ्याकडे हात केला, "या पोराले इचारा, हाच गाडीवर होता." मी हो हो करत गेलो.

काका म्हातारे, जाड भिंगांचा चष्मा. सगळं ऐकून घेतलं. "चहा घ्या भाई," म्हणाले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

"आमाले माहीत नव्हतं असं वाटते काय तुमाले? सोयरीक पाहाची त माणूस इकडे तिकडे इचारतेच. आमाले तिथं जायच्या आधीच माहीत होतं."

युनूसभाईंची कपबशी हातातच राहिली. "मंग?"

"मंग काय. त्याईनं सांगतलं छातीत कळ आली. आमी म्हटलं बरं. त्याईची बी अब्रू राह्यली, आमची बी राह्यली. पोरगी पसंतच होती आमाले. पण आता साऱ्या गावासमोर ती बाई बोलली. आमी सतरंजीवर बसून आयकलं. आता आयकूच नाही आलं असं कसं म्हणाव?"

"पोरगी चांगली हाये, काका."

"पोरगी चांगलीच हाये. मी काय नाही म्हटलं काय? पोराची माय म्हनते, उद्या दोघाईचं भांडण झालं त घरात हेच निघन. तोंडातून निघाले जागा झाली आता." त्यांनी चष्मा घातला. "तुमी एवढ्या दुरून आले भाई, तुमचं मन मोठं हाये. पण जा आता."

येताना अकोल्यापर्यंत युनूसभाई खिडकीबाहेर बघत होते. बसमध्ये गर्दी होती. एकदाच बोलले, ते माझ्याशी की स्वतःशी कळलं नाही. "मले वाटे मी एकटाच खोटं बोलून राह्यलो. सारेच बोलत होते बे. काका बी, सुमनवयनी बी. कोनाचं काई बिघडत नव्हतं."

त्यांच्या जागी सुमोवर दुसरा आला. मी पुढे काही महिने काढले. पाहुणे हळूहळू कमी झाले, दुसरीकडे कुठे काही झालं असेल तिकडे गेले. इंडिका विकली गेली आणि ओळखीच्या एकाच्या मागोमाग मी इकडे बंगळूरला आलो. युनूसभाईंना सांगून यायचं राहून गेलं, कारण ते अमरावती सोडून दर्यापूरला भावाकडे गेले होते.

शेवटचं पाहिलं ते दर्यापूरच्या स्टँडबाहेर. मी सुटीला गेलो होतो. काळ्यापिवळ्या जीपा उभ्या होत्या, अकोल्याला जाणाऱ्या. त्यातल्या एकीच्या स्टिअरिंगवर युनूसभाई. दाढीची मेंदी उतरलेली, पांढरी आणि लाल अशी दोन रंगांची. मी जाऊन हात धरला. त्यांनी ओळखलं, हसले, बंगळूरात भाकरी मिळते का विचारलं. मी सुमनबाईंबद्दल विचारलं.

"रेखीचं झालं," म्हणाले. "बिजवराले देली. लय दूर, नांदेडच्या बी पलीकडे. त्याले पहिलीचे दोन लेकरं हायेत." बडीशेपेची पुडी त्यांनी माझ्यापुढे केली नाही. बहुतेक खिशात नव्हतीच. "मी जात नाही त्या गावाले आता. वयनी दिसली त काय सांगू?"

तेवढ्यात एक माणूस पिशवी घेऊन जीपच्या खिडकीशी आला. बायको, कडेवर मूल. त्याने विचारलं, "भाऊ, अकोला ना? निघूनच राह्यली ना?"

जीपवाल्याने यावर काय म्हणायचं असतं ते सगळ्या वऱ्हाडाला माहीत आहे. बसा, निघालोच. शेजारचे दोघं ड्रायव्हर तेच ओरडत होते. गाडीत एक माणूस असला तरी तेच ओरडतात. मी युनूसभाईंकडे बघत होतो.

"नाही," युनूसभाई म्हणाले. "भरली नाही अजून. लय येळ लागन. रस्ता बी खराब हाये, खरंच खराब हाये. तुमी एस. टी. नं जा."

तो माणूस क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला, यात काही डाव आहे का म्हणून. मग बायकोला म्हणाला, "चाल," आणि शेजारच्या जीपमध्ये जाऊन बसला. शेजारचा ड्रायव्हर आमच्याकडे बघून हसला. युनूसभाई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. समोर अकोल्याचा रस्ता होता, खरोखरच खड्ड्यांचा, सरळ आणि मोकळा, आणि त्यावरून काहीच येत नव्हतं.